सार्वजनिक गोल्फ कोर्सचे खरे दर कसे गोळा करायचे? (सल्ला हवा)

मुक्ता_ठाणे
नमस्कार मंडळी. दादरच्या एका छोट्या पर्यटन कंपनीसाठी घरून डेटाचं काम करते. या वेळी हाती आलंय ते अगदीच अनोळखी: सभासद नसतानाही पैसे भरून खेळता येतं अशा गोल्फ कोर्सची दरयादी. खारघर, दिल्लीचं कुतुब आणि परदेशातली काही, कारण कंपनीचे काही ग्राहक सुट्टीत गोल्फची बॅग घेऊन स्कॉटलंड, अमेरिका गाठतात. मला गोल्फमधलं ओ की ठो कळत नाही. एकाच कोर्सचे तीन साइटवर तीन दर दिसतात. धरायचा कुठला? आणि तो बरोबर आहे हे ठरवायचं कसं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

टवाळ_टिळकनगर
चेंबूरचं प्रेसिडेन्सी गोल्फ कोर्स भिंतीबाहेरून बघण्यात हयात गेली. दर शून्य. लिहून घ्या.

मुक्ता_ठाणे
ते सभासदांच्या क्लबचं, त्यामुळे यादीत नाही. नाहीतर हा दर नक्की घेतला असता :)

नेरूळचे_काका
मुक्ताताई, तिन्ही दर बरोबर असू शकतात. एकाने नऊ होल्सचा (होल म्हणजे चेंडू पोचवायचं एकेक भोक; पूर्ण खेळ अठराचा) दिला असेल, दुसऱ्याने अठराचा, तिसऱ्याने कार्ट, म्हणजे मैदानात फिरायची छोटी गाडी, धरून. म्हणून एक्सेलमध्ये ‘दर’ असा एकच कॉलम करूच नका. किती होल्स, वीकडे की वीकेंड, सकाळ की दुपारनंतर, चालत की कार्टने, खेळणारा कोण, कर धरून की वेगळा, हे सगळं आधी आणि आकडा सगळ्यात शेवटी. यातला एक रकाना जरी रिकामा असला तरी तो आकडा ग्राहकाला सांगू नये, असं माझं मत.

‘खेळणारा कोण’ यात सगळ्यात जास्त गफलत होते. आपल्याकडे भारतीय आणि परदेशी पाहुणा यांचे दर वेगळे असू शकतात. अमेरिकेत महापालिकेच्या कोर्सवर स्थानिक रहिवाशाला स्वस्त पडतं. सॅन दिएगोचं टोरी पाइन्स शहराच्या मालकीचं. तिथल्या रहिवाशाचा दर आणि बाहेरच्याचा दर यात जमीन-अस्मानाचा फरक. नेटवर कौतुकाने ‘एवढ्यात खेळलो’ असं लिहिणारा बहुतेक वेळा तिथलाच असतो. तुमचा ठाण्याचा ग्राहक त्या दरात बसत नाही.

कॅडीचे, म्हणजे बॅग उचलणाऱ्या मदतनिसाचे, पैसे वेगळे लिहा. ते बऱ्याच ठिकाणी हातात रोख द्यावे लागतात, काउंटरच्या पावतीत येतच नाहीत. भाड्याचे क्लब (गोल्फच्या काठ्या) असतील तर तेही वेगळे.

कुर्ला_फास्ट
काकांना अनुमोदन. बुकिंग साइटबद्दल थोडी भर. गोल्फनाऊसारख्या साइट कोर्सला सॉफ्टवेअर पुरवतात आणि मोबदल्यात पैशांऐवजी काही टी टाइमच (खेळ सुरू करायच्या ठरलेल्या वेळा) घेतात, ही पद्धत अमेरिकेत जुनी आहे. ते टी टाइम मग साइट स्वतःच्या भावाने विकते. तो त्या दिवसाचा सेल, कोर्सचा दर नव्हे. शिवाय बऱ्याच कोर्सवर आता मागणीप्रमाणे भाव हलतो, विमानाच्या तिकिटासारखा. तिथे एक आकडा मिळणारच नाही. मंगळवार सकाळ, शनिवार सकाळ, शनिवार दुपार असे ठरलेले नमुने घ्या आणि दोन तारखा लिहा: बघितल्याची आणि खेळण्याची.

नवशिका_मुलुंड
एवढं हाताने कशाला? स्क्रिप्ट लावा, रात्रीत सगळ्या साइट खरवडून निघतात.

कुर्ला_फास्ट
निघतात, आणि २०१९ चा ब्लॉगसुद्धा त्यात निघतो. त्या साइटच्या अटींत ते बसतं का, हे वेगळंच. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सचं बघा. हाय सीझनचा दर २०२३ मध्ये २९५ पौंड, २०२४ मध्ये ३२०, २०२५ मध्ये ३४०. तिन्ही आकडे आजही गुगलवर सुखाने नांदतायत. खरा दर तो कोर्स चालवणाऱ्या लिंक्स ट्रस्टच्या स्वतःच्या पानावर, तोही साल बघून. आणि रविवारी तिथे खेळ बंद असतो, त्यामुळे ‘रविवारचा दर’ कुणी दिला असेल तर ती साइटच यादीतून काढा.

अर्जदार_परळ
खारघर सिडकोचं आणि कुतुब डीडीएचं (दिल्ली विकास प्राधिकरण), म्हणजे दोन्ही माहिती अधिकाराखाली. मंजूर दरपत्रक मागता येतं. शुल्क १० रुपये, उत्तराला ३० दिवस. राज्याच्या नियमाप्रमाणे सिडकोचा अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत बसवा. कलम ४ प्रमाणे बरीच माहिती त्यांनी स्वतःहून जाहीर करायची असते, म्हणून आधी संकेतस्थळ धुंडाळा.

नेरूळचे_काका
अर्ज ठीक, पण कंपनी महिनाभर थांबेल का? फोन करा. मात्र ‘रेट काय’ असं विचारू नका, समोरचा तोंडाला येईल तो आकडा सांगतो. असं विचारा: ‘शनिवारी सकाळी दोघं येतोय, सभासद नाही, क्लब भाड्याने लागतील, कार्ट नको. घरी जाईपर्यंत दोघांचे मिळून किती होतील?’ मग तो आकडा तुमच्या सुट्या आकड्यांच्या बेरजेशी जुळतो का बघा. जुळला नाही तर काहीतरी सुटलंय, बहुतेक कर. सकाळी करू नका, गर्दीत कुणाला बोलायला वेळ नसतो. दुपारी निवांत असतात, दरफलकाचा फोटोही व्हॉट्सॲपवर पाठवतात.

खारघरला एक भानगड आहे. सुरू झालं तेव्हा ते ११ होल्सचं होतं, नंतर अठराकडे नेण्याचं काम निघालं. जुन्या लेखातला दर घेतलात तर तो कशाचा, हेच कळणार नाही.

मुक्ता_ठाणे
सर्वांचे आभार. बेरीज जुळवण्याची कल्पना फार आवडली. आता कॉलम असे केलेत: कोर्स, होल्स, दिवस, वेळ, खेळणारा, ग्रीन फी (नुसत्या खेळण्याची), कार्ट, कॅडी, कर, एकूण, कुठून मिळाला, बघितल्याची तारीख. मालक म्हणतात ग्राहकाला एवढं कशाला, ‘पासून पुढे’ एक आकडा द्या.

टवाळ_टिळकनगर
‘पासून पुढे’ म्हणजे त्या दरात कुणीच जात नाही.

कुर्ला_फास्ट
मालकांना परगावच्या माणसाचा, शनिवार सकाळचा ‘एकूण’ द्या. तुमचा ग्राहक बहुतेक त्याच गटातला. बाकी शीट तुमच्याकडे राहू दे, आणि कोर्सचं दरांचं नवं वर्ष कधी सुरू होतं ते एका कॉलममध्ये टाका, म्हणजे परत फोन कधी करायचा ते कळेल.

नेरूळचे_काका
आणि जोरदार पावसात बऱ्याच ठिकाणी कार्ट मैदानावर सोडत नाहीत. जून ते सप्टेंबर कार्टचा रकाना फोनवर विचारूनच भरा.