आपल्या प्रकल्पाने नेमक्या कुठल्या लिनक्सची जबाबदारी घ्यायची?

जुळारी_पुणे (धागाकर्ता):
स्कॅन केलेल्या मराठी पुस्तकांतून मजकूर काढणारं एक छोटं ओपन सोर्स साधन आम्ही चौघं सांभाळतो. आत टेसरॅक्ट (चित्रातली अक्षरं ओळखणारं इंजिन), वर आमचा सी++ कोड. तक्रारी येतात त्यातल्या बऱ्याच आमच्या कोडबद्दल नसतातच. लिनक्सची वितरणं (तयार संच) अनेक. त्यातल्या उबुंटू २२.०४ मध्ये टेसरॅक्टची लायब्ररी लिबटेसरॅक्ट४ आहे आणि २४.०४ मध्ये लिबटेसरॅक्ट५. पाठोपाठच्या दोन एलटीएस (दीर्घ मुदतीच्या आवृत्त्या), तरी एकीसाठी बांधलेलं पॅकेज दुसरीवर बसत नाही. त्यात फेडोरा, आर्च, अल्पाइन ही वितरणं धरली की संध्याकाळ बिल्ड (कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बांधणं) दुरुस्त करण्यातच जाते आणि जोडाक्षरं चुकीची वाचली जातात तो खरा बग तसाच पडून राहतो.

माझं मत: डेबियन स्टेबल आणि उबुंटू एलटीएस, बस्स. आणि जुनी आवृत्ती कधी सोडणार तेही आधीच लिहून ठेवायचं. क्यूएमू या आभासी मशीन चालवणाऱ्या प्रकल्पाचा नियम मला पटतो. दीर्घ मुदतीच्या वितरणाची नवी मोठी आवृत्ती आली की आधीचीला आणखी २ वर्षं, किंवा वितरकाने स्वतःच ती सोडेपर्यंत, यातलं जे आधी येईल ते. मग दर वेळी नव्याने वाद घालायला नको.

लॅबवाला:
पूर्ण असहमत. लिहून ठेवा हे बरोबर, पण रेड हॅटचं घराणं (सेंटओएस, अल्मा ही वितरणं) यादीतून गाळताय ते चूक. आमच्या संस्थेतली गणनाची सगळी मशीनं त्याच घराण्यातली आहेत आणि पुस्तकांचे हजारो स्कॅन रात्रभर चालवायचे असतात ते तिथेच, कुणाच्या लॅपटॉपवर नाही.

आम्ही हौसेने जुन्यावर बसलेलो नाही हेही समजून घ्या. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत आधार मिळेल असं धरून लोकांनी नियोजन केलं होतं. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की ते ३१ डिसेंबर २०२१ लाच संपणार. अनेकांनी धसका घेऊन सेंटओएस ७ वरच मुक्काम केला, जून २०२४ पर्यंत. आता आम्ही अल्मा ८ वर आहोत आणि त्याला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत.

आणि तांत्रिकदृष्ट्या उलटा विचार करा. जुन्या जीलिबसीवर (लिनक्सवरच्या प्रोग्रॅमना लागणारी पायाभूत लायब्ररी) बांधलेली बायनरी (तयार प्रोग्रॅम) नव्यावर चालते, नव्यावर बांधलेली जुन्यावर चालेलच असं नाही. उबुंटू २२.०४ वर अगदी रिकामं मेन फंक्शन कंपाइल करा आणि २०.०४ वर चालवून बघा. 'जीलिबसी २.३४ सापडली नाही' म्हणून तिथेच थांबेल, कारण प्रोग्रॅम सुरू करणारं फंक्शनच त्या आवृत्तीत नव्या खुणेने आलं. अल्मा ८ वर जीलिबसी २.२८ आहे. तिथे एकदा बांधा, तुमचे डेबियन-उबुंटू आपोआप आले. पायथॉनवाले अनेक वितरणांवर चालणाऱ्या त्यांच्या मेनीलिनक्स_२_२८ पॅकेजांसाठी हेच करतात.

जुळारी_पुणे:
जीलिबसीचं मान्य. पण टेसरॅक्ट आणि त्याला लागणाऱ्या लेप्टोनिका या चित्रांच्या लायब्ररीचं काय? ते प्रत्येक वितरणात वेगळे, म्हणजे बायनरीत कोंबावे लागतील.

पॅकेजवाली:
तिथेच अडतंय, आणि लॅबवाले त्यावरून झरकन पुढे गेले. लेप्टोनिका लिबवेबपी (वेबपी चित्रं वाचणारी लायब्ररी) वापरते. सप्टेंबर २०२३ मध्ये लिबवेबपीत गंभीर भगदाड सापडलं. डेबियनने एक पॅकेज दुरुस्त केलं आणि ते वापरणारे सगळे प्रोग्रॅम सुरक्षित झाले. ज्यांनी आपापली प्रत आत कोंबली होती त्या प्रत्येकाला नवीन रिलीज काढावं लागलं. चार जणांचा प्रकल्प हे रातोरात करेल? परीक्षेच्या दिवसांत? दिवाळीत?

माझ्या मते तुम्ही बायनरी देऊच नका. स्वच्छ सोर्स द्या, टेसरॅक्ट ४ आणि ५ दोन्हींवर बिल्ड होईल एवढं बघा, चाचण्या नेटशिवाय चालू द्या. पॅकेज करणं हे आम्हा वितरणवाल्यांचं काम आहे, आम्ही ते मनापासून करतो.

रोलिंग_रसिक:
आर्चला (ते रोलिंग, म्हणजे सतत नवं होत राहणारं) 'सपोर्ट' नकोच. फक्त आमचा बग 'तुमचं वितरण यादीत नाही' म्हणून बंद करू नका. नवं कंपाइलर आमच्याकडे आधी येतं. आज आमच्याकडे जे मोडतं ते उद्या तुमच्या एलटीएसवर मोडणार असतं.

कोकणचा_कोडर:
फ्लॅटपॅक (सगळ्या लायब्ऱ्या सोबत घेऊन येणारं पॅकेज) करा की. एक बांधणी, सगळीकडे चालते.

लॅबवाला:
खिडकीवाल्या ॲपसाठी ठीक. कमांड लाइनवर रात्रभर चालणाऱ्या कामासाठी, जिथे माझ्याकडे रूटचे (प्रशासकाचे) अधिकारही नाहीत, तिथे फ्लॅटपॅक कोण बसवून देणार?

पॅकेजवालींना: सोर्स द्या म्हणणं सोपं आहे. तुमचं पॅकेज स्टेबलमध्ये येईपर्यंत दोन वर्षं जातात आणि आमच्याकडे ते येतच नाही. तोवर संशोधकाने काय करायचं? मायक्रोसॉफ्टच्या व्हीएस कोड या कोड लिहायच्या संपादकाचं आठवा. २०२४ च्या सुरुवातीला १.८६ आवृत्तीने दूरच्या सर्व्हरसाठी जीलिबसी २.२८ सक्तीची केली आणि सेंटओएस ७ वर काम करणाऱ्यांची जोडणी तुटली. सेंटओएस ७ ची मुदत तेव्हा संपलेलीही नव्हती. ओरड झाल्यावर वर्षभराची सवलत मिळाली. एवढ्या मोठ्या कंपनीला जुनी मशीनं वापरणारे दिसले नाहीत, तर लहान प्रकल्पाने ठरवून त्यांच्याकडे पाठ फिरवावी याचं वाईट वाटतं.

जुळारी_पुणे:
तुमच्या म्हणण्याने एवढं बदललं: अल्मा ८ वरची बिल्ड रोजच्या स्वयंचलित चाचणीत घेतो. रोलिंग_रसिक, तुमचे बगही उघडे ठेवू. पण अल्मावर बिल्ड मोडली तर रिलीज थांबणार नाही. डेबियन-उबुंटूवर मोडली तर थांबेल. हा फरक मी ठेवणारच, कारण आमच्या चौघांपैकी एकाकडेही अल्माचं मशीन नाही. जे मी स्वतः रोज वापरत नाही त्याची हमी द्यायला माझं मन धजत नाही.

लॅबवाला:
मशीन माझ्याकडे आहे, बिल्ड मी सांभाळतो. पण मग ती मोडल्यावर रिलीज थांबवायचा अधिकारही मला द्या. तो नसेल तर मी नुसता मागाहून दुरुस्ती करत बसणार.

पॅकेजवाली:
अधिकार द्यायला हरकत नाही, दुरुस्तीला मुदत घाला. सात दिवसांत सुधारलं नाही तर रिलीज पुढे जाईल. आणि कोंबलेल्या लायब्ऱ्यांच्या सुरक्षा अपडेटची जबाबदारी कोणाची, ते नाव नियमांच्या त्याच पानावर लिहा. त्याचं उत्तर अजून कोणीच दिलेलं नाही.