आरएक्स १०० ओरिजिनल पार्टमध्येच उभी करायचीये

सिडकोकर: बाबांची १९९१ ची यामाहा आरएक्स १०० बाइक पार्किंगात ताडपत्रीखाली पडून होती, काल काढली तर किक दबतच नाही, पिस्टन जाम, टाकीत गंज. मेकॅनिक म्हणतो लोकल किट (कंपनीचा नसलेला पिस्टन-सिलिंडर सेट) टाकू, विषय संपला. मला ते नकोय. नाशकात जमेल का?

टूस्ट्रोकभाऊ: भाऊ लोकल किट नकोच. आधी प्लगच्या भोकातून थोडं डिझेल सोड, दोन दिवस राहू दे, ठोकाठोकी करू नको. स्टँडर्ड बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५० मिमी, घासला असेल तर ०.२५ मिमीच्या ओव्हरसाइज (थोड्या मोठ्या) पिस्टनपासून सुरू कर, एकदम मोठा टाकला की पुढच्या वेळी जागाच उरत नाही.

सातपूरवाला: बोअरिंग आपल्या एमआयडीसीत होईल, पण पिस्टन आधी हातात घे, मग बोअर. कार्ब्युरेटर मिकुनीचाच बघ, मी पुण्याच्या जुन्या बाजारातून 'ओरिजिनल' म्हणून उचलला अन नाशिकपर्यंत पेट्रोल गळत आलो 😅 इंजिनला आपोआप ऑइल पुरवणारा ऑइल पंप आहे का रे? बरेच जण काढून फेकतात.

सिडकोकर: पंप आहे! पाइप कडक होऊन तुटलाय फक्त.

टूस्ट्रोकभाऊ: मग लॉटरीच की. पाइप बदलून पंपातली हवा काढ, नाहीतर नवा पिस्टन पण जाम. पहिल्या टाकीत पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनचं ऑइल) मिसळूनच चालव.