अमेरिकेतले झेड-वेव्ह स्विच इथे चालतील का?

जुळे सोलापूरच्या दादांनी विचारलंय, भाचा अमेरिकेतून झेड-वेव्हचे (घरातली स्मार्ट उपकरणं बिनतारी जोडायची एक पद्धत) स्विच आणतोय, ते इथल्या हबला, म्हणजे ही उपकरणं चालवणाऱ्या मुख्य डबीला, जोडता येतील का. नाही हो, नका आणायला सांगू. तिकडचे स्विच ९०८.४ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरींवर चालतात, भारतातले ८६५.२ वर. स्विचचं सॉफ्टवेअर बदलून हे सहसा जुळत नाही, आणि वीजही तिकडे १२० व्होल्टची.

झिग्बी या दुसऱ्या बिनतारी पद्धतीचं तसं नाही, २.४ गिगाहर्ट्झ दोन्हीकडे चालतं. झिग्बीचे बॅटरीवरचे दार-खिडकीचे सेन्सर खुशाल मागवा. फक्त तुमचा हब ते मॉडेल ओळखतो का, यादीत आधी बघा.

स्विच मात्र इथलेच घ्या. तेही बोर्ड उघडून न्यूट्रल (वीज परत नेणारी) वायर आहे का, हे वायरमनकडून बघून घेतल्यावरच. जुन्या घरांत बोर्डात नुसता फेज आणि दिव्याकडे जाणारी वायर असते, न्यूट्रल परस्पर वरून गेलेला. बिनन्यूट्रलचे स्विच मिळतात, पण त्यातले बरेचसे स्विच दुसऱ्या उपकरणांचा सिग्नल पुढे पाठवत नाहीत. मग जाड भिंतीपलीकडच्या खोलीसाठी मध्ये सिग्नल पुढे पाठवणारा एखादा झिग्बी प्लग लावावा लागतो.

आणि हौदाची मोटर स्मार्ट प्लगवर नको. सुरू होताना ती बराच जास्त करंट ओढते, प्लगमधला रिले (आतला छोटा विजेवर चालणारा स्विच) चिकटू शकतो, मग मोटर बंदच होत नाही. तिथे कॉन्टॅक्टरच, म्हणजे मोटरचा भार झेपणारा मोठा रिले, बसवा. आपल्याकडे पाणी रोज कुठे येतंय, आलं त्या दिवशी मोटर चालायलाच हवी!