प्रतिसाद: यार्डाचा भाव आणि जुडीतलं पाणी

‘मार्केट यार्डापेक्षा शेतकरी आठवडे बाजार महाग’ असं एकानं वर लिहिलंय, ते कांदा-बटाट्यापुरतं पटतं. पण पुण्याच्या यार्डाचे छापून येणारे भाव घाऊक असतात: फळभाज्या दहा किलोला, पालेभाज्या शेकडा जुड्यांना. किलो-अर्धा किलो घेणाऱ्याला तो भाव मिळतच नाही.

पालेभाजीत तर नुसत्या जुडीच्या दरावर जाऊच नका. मेथी-कोथिंबिरीची जुडी बांधलेल्या जागी उकलून आत बोट घाला. ओलसर, गरम लागली, आतली पानं पिवळी दिसली तर ती पाणी मारून दाबून ठेवलेली. फ्रिजमध्येही दुसऱ्या दिवशी काळी पडते. आठवडे बाजारात दोन-चारच भाज्या मांडलेला, लहानमोठा माल न निवडता ठेवलेला विक्रेता बघा, तो बहुधा स्वतः पिकवणारा शेतकरी. सफरचंदासकट सगळं असेल तर तो बहुधा व्यापारीच.