अटॅकनंतर दादा पार खचलाय, नैराश्याची गोळी हृदयाला चालते का?

काजवा:
दादाला अटॅक येऊन गेला, स्टेंट बसला. टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) चांगला आलाय. पण माणूस उठतच नाही. भिंतीकडे तोंड करून पडलेला, आंघोळीलाही मागे लागावं लागतं. वहिनीने गोळ्यांचा डबा उघडला तर निम्म्या गोळ्या तशाच. डॉक्टर म्हणतात, "हार्ट ओके आहे, मन रमवा." नैराश्याची गोळी दिली तर हृदयाला धोका आहे का? हो की नाही एवढंच सांगा, लवकर.

रानवारा:
असं हो-नाहीत सांगता येत नाही. वय काय? कुठल्या गोळ्या चालू आहेत? अटॅक कधी आला?

पिंपळपान:
बीटा ब्लॉकर, म्हणजे ठोके मंद करणारी गोळी, चालू असणार. माझ्या काकांचंही असंच झालं होतं. ती गोळी थांबवली आणि माणूस हिंडाफिरायला लागला. बंद करा.

रानवारा:
पिंपळपान, कृपा करून असं सांगू नका. ती गोळी एकदम तोडली तर पुन्हा अटॅक येऊ शकतो. तिच्याने झोप बिघडते, विचित्र स्वप्नं पडतात हे खरं, पण नैराश्य येतं हा जुना समज पुढच्या अभ्यासांत टिकला नाही.

पिंपळपान:
अभ्यास असू देत, मी डोळ्यांनी पाहिलंय.

ओंजळ:
विषय निघालाच आहे म्हणून विचारते, माझं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) वाढलंय. ते कमी करणारी स्टॅटिन एकदा सुरू केली की कायमची का?

सांजवात:
मी हृदयविभागात परिचारिका आहे. "मन रमवा" वाचून फार वाईट वाटलं. अटॅक आलेल्या दर पाचांत साधारण एकाला तीव्र नैराश्य येतं. अशा रुग्णांचा पुढच्या सहा महिन्यांत मृत्यूचा धोका कितीतरी जास्त असतो, हे मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी १९९३ मध्येच दाखवलं. रक्तातल्या प्लेटलेट्स (गुठळी करणाऱ्या पेशी) लवकर चिकटतात, शरीरात दाह वाढतो, ही कारणं आहेतच. पण वॉर्डात आम्हाला रोज दिसतं ते कारण तुमच्या वहिनींनी डब्यात पाहिलं. रक्त पातळ करणारी गोळी चुकली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. आजपासून गोळ्या समोर बसून द्या. आणि हो, सर्ट्रालिन हे नैराश्याचं औषध अशा रुग्णांत सुरक्षित ठरलंय, २००२ चा ३६९ रुग्णांचा अभ्यास आहे.

रानवारा:
सुरक्षित, मान्य. पण २००३ च्या मोठ्या अभ्यासात नैराश्यावर उपचार करूनही मृत्यू आणि दुसरे अटॅक कमी झाले नाहीत. लोकांना खोटी आशा नको.

सांजवात:
त्याच अभ्यासात नैराश्य कमी झालं होतं, तेही सांगा. माणूस उठून बसला, गोळ्या घ्यायला लागला, हे काय थोडं आहे?

काजवा:
वाद नंतर घाला हो. वय ५४, अटॅक गेल्या महिन्यात. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल (दोन्ही रक्त पातळ करायला), मेटोप्रोलॉल (बीटा ब्लॉकर), अटोर्वास्टॅटिन (स्टॅटिन). झोप येत नाही म्हणून आईची जुनी अमिट्रिप्टिलिन घेतोय. काल वहिनीला म्हणाला, आता जगून काय करायचंय.

सांजवात:
अमिट्रिप्टिलिन ही जुन्या प्रकारची नैराश्याची गोळी, अटॅकनंतर टाळतात, ठोक्यांची लय बिघडू शकते. आत्ताच्या आत्ता हृदयाच्या डॉक्टरांना फोन करून हे सांगा. आणि दादांना सरळ विचारा, मरायचे विचार येतात का. विचारल्याने ते विचार डोक्यात शिरत नाहीत. त्यांना एकटं सोडू नका, घरातल्या सगळ्या गोळ्या वहिनींच्या ताब्यात द्या.

ओंजळ:
माझ्या एलडीएलचं कुणी सांगेल का?

काजवा:
विचारलं. हो म्हणाला. रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात घेऊन निघालोय. तिथे काय काय सांगू?

रानवारा:
तो जे बोलला ते आधी, जसंच्या तसं. मग अमिट्रिप्टिलिन किती आणि कधीपासून. सगळी पाकिटं सोबत न्या, अटॅकचे कागदही. ईसीजी काढतील. नैराश्याची गोळी लिहिली तर क्लोपिडोग्रेल आणि मेटोप्रोलॉल चालू आहे हे आवर्जून सांगा. फ्लुऑक्सेटिन नावाच्या नैराश्याच्या गोळीने पहिलीचा परिणाम कमी होऊ शकतो आणि दुसरी रक्तात वाढते. अ‍ॅस्पिरिनही चालू असल्याने नैराश्याच्या गोळीने रक्तस्राव वाढेल का, तेही विचारा. गाडीत मागे त्याच्याशेजारी कुणीतरी बसा.