कार रॅली दिवसभर लाइव्ह बघणारे कोणी आहेत का? अनुभव सांगा

माळ्यावरचा मुलुंडकर
काल माळा आवरताना एक व्हिडिओ कॅसेट सापडली. वर बाबांच्या अक्षरात 'गाड्या, ९८'. तेव्हा केबलवर रात्री उशिरा अर्ध्या तासाचे हायलाइट्स लागायचे, बाबा ते टेप करून ठेवायचे. यात वेल्सची रॅली आहे. शेवटची स्टेज (बंद रस्त्यावरचा, वेळ मोजलेला टप्पा), फिनिश काहीशे मीटरवर, आणि कार्लोस साइन्झच्या कोरोलाचं इंजिन गेलं. त्याबरोबर वर्ल्ड टायटलही गेलं. त्याचा को-ड्रायव्हर मोयाने हेल्मेट मागच्या काचेवर हाणलं. बाबा एवढंच म्हणाले, "पाणी आण रे."

आता २०१८ पासून प्रत्येक स्टेज लाइव्ह मिळते. मी वर्गणी भरतो, शुक्रवार ते रविवार लावून ठेवतो. बायको विचारते, ही एकच गाडी सकाळपासून पळतेय का? मला उत्तर देता येत नाही. तुम्ही खरंच बघता का? की नुसतं चालू असतं?

ठाणे पूर्व
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. वेळ फुकट. एफ वनमध्ये दोन गाड्या शेजारी तरी दिसतात. इथे एक गेली की दोन-तीन मिनिटांनी दुसरी, तेच वळण, तेच झाड. टोलनाक्याचा कॅमेरा बघितल्यासारखं वाटतं. मी संध्याकाळी हायलाइट्स बघतो नि झोपतो.

स्प्लिटवेडा
@ठाणे पूर्व टोलनाक्यावर स्प्लिट टाइम, म्हणजे स्टेजच्या अधेमधे मोजलेल्या वेळा, लागतात का हो? हाहा
अहो गाडीकडे बघायचंच नसतं. कोपऱ्यातला आकडा बघायचा. पहिल्या स्प्लिटला ०.८ मागे, दुसऱ्याला ०.३, तिसऱ्याला हिरवा, म्हणजे पुढे. तीच शर्यत. २०११ ला जॉर्डनमध्ये दोन दिवस गाड्या पळवून ओजिए लाटवालापुढे ०.२ सेकंदांनी जिंकला. ते हायलाइट्समध्ये बघून काय कळणार, कपाळ?

कळवा फास्ट
आज मेगाब्लॉक आहे का लोकलच्या मेन लाइनला?

डाव्या सीटवरची
मी दोनदा बायकांच्या टीएसडी रॅलीत (ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेतच कापायचं) नॅव्हिगेटर होते. त्यात वेगाला किंमत नाही, लवकर पोचलात तरी दंड. पहिल्या वर्षी मी मैत्रिणीला खोपोलीजवळ चुकीच्या फाट्यावर घातलं, ती अजून लग्नात-बारशात सगळ्यांना सांगते.

म्हणून मला ऑनबोर्ड, म्हणजे गाडीतल्या कॅमेऱ्याचं, आवडतं. चित्र नाही बघत, ओट्याशी उभी राहून पेसनोट्स, म्हणजे को-ड्रायव्हर पुढची वळणं वाचून सांगतो ते, ऐकते. भाषा कळत नाही तरी पुढचं वळण कधी येणार ते आवाजावरून कळतं. २०२२ ची मोन्टे कार्लो अशीच ऐकत होते. ओजिए पुढे, शेवटून दुसऱ्या स्टेजला टायर गेला, आणि ४७ वर्षांचा लोब १०.५ सेकंदांनी जिंकला. शेजारी इसाबेल गालमिश, पेशाने गणिताची शिक्षिका! १९९७ नंतर पहिल्यांदा जिंकलेल्या गाडीत बाई होती. मी मटार सोलत होते. दाणे कचऱ्यात आणि सालं पातेल्यात. नवऱ्याने पुलावात साल शोधून दाखवलं.

स्प्लिटवेडा
ताई सालांचीही भाजी होते, आतला पापुद्रा काढायचा

डाव्या सीटवरची
@स्प्लिटवेडा तू ये काढायला

रात्रपाळी परळ
नाईट ड्युटी असते. मेक्सिको कॅलेंडरवर होती तेव्हा आपल्याकडे संध्याकाळी सुरू होऊन पहाटेपर्यंत चालायची. फोन ड्रॉवरमध्ये, एक इयरफोन. मधल्या वेळात सर्व्हिस पार्कमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या तळावर, मेकॅनिक गिअरबॉक्स बदलताना दाखवतात ते मला स्टेजपेक्षा जास्त आवडतं. आपल्यासारखेच जागे. बाकी नंतर लिहिते, बेल वाजली

घाटकोपर तिसरा मजला
आमच्या मजल्यावर एक गुजराती काका होते, नैरोबीत वाढलेले. शेखर मेहता हा त्यांचा देव. पाच वेळा केनियाची सफारी रॅली जिंकलेला माणूस. १९७३ ला मेहता आणि कॅलस्ट्रॉमचे पेनल्टी पॉइंट सारखेच झाले, मग जास्त अंतर दंडाशिवाय कोणी कापलं त्यावरून मेहताला दिली, ही गोष्ट मी किमान चाळीस वेळा ऐकली असेल.

२०२१ ला सफारी परत वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये आली. मी माझ्या टीव्हीवर लावून दिली, नैवाशाची स्टेज. काका खुर्ची पुढे ओढून बसले. मला वाटलं गाड्या बघतायत. तर गाडी गेली की म्हणायचे, "थांब थांब, आता बोलू नको." धूळ बसायची वाट बघायचे. मागचा डोंगर दिसला की मान हलवायचे. मग पुढची गाडी यायची, परत सगळं पांढरं.
हायलाइट्समध्ये तो भाग कापतात ना.
काकू दोनदा जेवायला बोलवायला आल्या, तिसऱ्यांदा ताट इथेच घेऊन आल्या.

ठाणे पूर्व
बरं. हे मला टोलनाका म्हणता येणार नाही. काका आहेत का अजून?

घाटकोपर तिसरा मजला
नाहीत. दोन वर्षं झाली. काकू आहेत, मार्चमध्ये विचारतात, तुझ्या त्या गाड्या कधी.

दादर जुने सामान
हिमालयन रॅलीचं कोणीच काढलं नाही? १९८० ची पहिली मुंबईहूनच सुटली होती. मी शाळा बुडवून गेलो होतो. एवढी गर्दी की मला एक टप आणि एक बोनेट दिसलं. लाइव्ह म्हणजे हेच असं तेव्हा वाटलं होतं. घरी येऊन मार खाल्ला तो मात्र पूर्ण बघायला मिळाला.

कळवा फास्ट
कोणीतरी सांगा ना मेगाब्लॉकचं

रात्रपाळी परळ
@कळवा फास्ट आहे. माटुंगा ते मुलुंड, स्लोने जा.
@मुलुंडकर दादा ती कॅसेट लावून बघितलीत का?

माळ्यावरचा मुलुंडकर
व्हीसीआर कुठेय! भंगारात दिला २००९ ला. बुरशी लागलीय का तेही बघायचंय. शेवटी बाबांचा आवाज असेल, टीव्हीसमोर मोठ्याने बोलायचे... पण केबलवरून टेप केलंय, खोलीतला आवाज कसा येणार, माझंच डोकं.

दादर जुने सामान
व्हीसीआर आहे माझ्याकडे. हेड साफ करावं लागेल. बुरशी असेल तर आधी लावू नका, रिळं उघडून पुसावी लागतात. रविवारी आणा, पण आज नको, मेगाब्लॉक आहे म्हणे.