पंच नीडलची सुई घरी बनवलीय, पण लूपच टिकत नाहीत. मदत हवी आहे

मंडळी, पंच नीडलचा (पोकळ सुईने कापडात दोरा टोचून खालच्या बाजूला लूप, म्हणजे दोऱ्याचे फासे, उठवायचं भरतकाम) नाद लागून तीनेक महिने झाले. ऑनलाइन मागवलेली प्लास्टिकची सुई होती तिचा दांडा तडकला, आणि लाकडी मुठीची बाहेरची चांगली सुई बघितली तर किंमत बघून टॅबच बंद केला. मग म्हटलं त्यात असतं काय, पोकळ नळी, टोकाला तिरका काप आणि एक भोक, आपणच करू की.

दिरांकडे म्हशी आहेत, त्यांच्याकडून जनावरांच्या इंजेक्शनची १६ गेजची सुई आणली (कोरी, पाकिटातली, आधीच सांगून ठेवते). बूड धातूचं असल्यामुळे पक्की बसते. मूठ म्हणून तुटक्या लाटण्याचा तुकडा, त्याला आरपार भोक, वरून एम-सील. पहिल्या वेळी एम-सील सुईच्या बुडात गेलं आणि दोऱ्याची वाटच बंद, ती गेली कचऱ्यात. दुसरी जमली. टोकाजवळचं भोक पाडताना मात्र दोन बिट मोडले, ड्रिल नुसतं घसरतं, शेवटी पडलं पण वाकडं.

आता अडचण अशी की आठ-दहा टाके झाले की दोरा पिंजतो आणि तुटतो, आणि सुई वर काढली की खालचा लूपही तिच्याबरोबर वर येतो. आणि लूप एक मोठा एक छोटा, उलटं करून बघितलं तर कुत्र्याने चावल्यासारखं दिसतंय. कापड मॅटी आहे, दोरा भरतकामाचा, तीन पदरी. कोणी स्वतः सुई केलीय का?

लोकरवेडी: अगं टोकाची धार घालवलीस का? इंजेक्शनची सुई कातडी कापायला असते, आपल्याला कापडाचे धागे बाजूला सारायचेत, कापायचे नाहीत. टोक थोडं बोथट कर आणि तिरक्या कापाची आतली कड घासून काढ. भोकात बारीक पॉलिश पेपरची सुरळी घालून फिरव, नाहीतर जाड दोऱ्याला धातू चमकवायची पॉलिश लावून तो भोकातून मागेपुढे ओढत बस, टीव्ही बघता बघता होतं. नखावरून फिरवून बघ, जिथे अडकते तिथेच दोरा पिंजतोय.

भोक पाडायचं तर काप वर करून सुई लाकडावर ठेवायची, म्हणजे आतल्या खोबणीत बिट आपोआप बसतो, घसरत नाही. तू बहुतेक पाठीवरून पाडलंस. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सर्किट बोर्डाचे बारीक बिट मिळतात, तेलाचा थेंब टाकून अगदी हळू. आणि पुढच्या वेळी १४ गेज घे (आकडा लहान तशी सुई जाड), १६ मध्ये भोकाच्या दोन्ही बाजूंना धातू उरतोच किती.

चिंधीबाज: लूप वर येतायत त्यात सुईचा दोष अर्धाच. मॅटीची भोकं मोठी, दोरा बारीक, मग धरणार कोण त्याला? मॅटी लोकरीला ठेवा, या सुईला केसमेंट (घट्ट विणीचं सुती कापड) घ्या, आणि रिंगमध्ये असं ताणा की टिचकी मारली तर डफासारखं वाजलं पाहिजे. रीळ मांडीखाली दाबलं जात नाही ना ते बघा, दोरा मागून जरा जरी ओढला गेला तरी लूप निघतो. कापाची बाजू जिकडे जायचंय तिकडे. आणि सुई कापडातून बाहेर आली की आणखी वर उचलायची नाहीच, कापडाला टेकवत पुढे सरकवायची.

उंचीसाठी सुईचंच प्लास्टिकचं टोपण कापून सुईत घाला. जेवढी सुई बाहेर तेवढाच लूप, दर वेळी टोपण कापडाला टेकेपर्यंत खाली दाबायचं.

लोकरीसाठी जुन्या रेडिओची एरियल बघा, पितळेच्या नळ्या एकात एक असतात, हवी त्या जाडीची कापून घ्या. पितळ मऊ, कानशीने पटकन घासलं जातं.

मी: दोघांचे खूप आभार! भोक पाठीवरूनच पाडलं होतं, बरोबर ओळखलंत. भोक घासून टोपण लावलं, आईच्या केसमेंटच्या उशीच्या अभ्र्यावर करून बघितलं, चार ओळी सलग आल्या, एकही लूप निघाला नाही. दोरा ओवायला वायरीतली तांब्याची बारीक तार दुमडून घेतली. आता सासऱ्यांच्या रेडिओची एरियल कशी मागायची तेवढं सांगा, ते अजून बातम्या त्याच्यावरच ऐकतात.